दुसरं टोक

शाळेतून घरी आलो तेव्हा माझ्या रेडिओच्या अँटेनाची तार जागेवर नव्हती. सकाळी निघताना मान वर करून पाहिली होती. आमच्या स्लॅबच्या कठड्यापासून निघून भिंतीपलीकडच्या कडुनिंबात शिरलेली, आभाळावर कुणी लाल पेन्सिलीनं रेघ ओढावी तशी. संध्याकाळी ती सपरीतल्या खुंटीला टांगलेली होती. वेटोळी करून. प्रत्येक वेढा दुसऱ्याएवढा, शेवटचा हातभर तुकडा वेटोळ्याभोवती तीनदा फिरवून आत खोचलेला, टोकाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा दोरीसकट शाबूत. बायको म्हणाली, काकाजी देऊन गेले. काही बोलले का? नाही, खुंटीला लावली आणि गेले. रागानं उतरवलेली तार अशी दिसत नाही, हे मला आज कळतं. त्या संध्याकाळी मी फक्त एवढंच पाहिलं की त्यांच्या झाडाला बांधलेलं माझं टोक त्यांनी सोडून आणून दिलं.

आणि ते मनात रुतून बसलं.

वाटणी २००९ साली झाली. भांडण झालं नाही, कोर्टकचेरी झाली नाही, तलाठ्याकडे दोघं भाऊ एकाच गाडीवर बसून गेले. बाबांच्या वाट्याला रस्त्याकडच्या दोन खोल्या आणि मागची सांदवाडी आली, काकाजींना दक्षिणेकडचा भाग, विहीर आणि कडुनिंब. मध्ये विटांची भिंत उभी राहिली, माझ्या खांद्याएवढी. बाबा गेल्यावर मी दारव्ह्याकडच्या या गावात परत राहायला आलो, आणि भिंतीची उंची मला पहिल्यांदा कळली ती टेप घेऊन सांदवाडी मोजायला बसलो तेव्हा. रुंदी चोवीस फूट, लांबी एक्केचाळीस. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मोजली तर साडेसत्तेचाळीस. रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर, म्हणजे चाळीसेक मीटर लांबीच्या लहरींवर, बोलायचं तर सरळ अर्ध्या लहरीची तार लागते सहासष्ट फूट. साडेअठरा फूट कमी. ते साडेअठरा फूट भिंतीपलीकडे होते.

घरच्या संचावरून दूरच्या माणसांशी बोलायचा हा रेडिओचा नाद लागला त्याची सुरुवात सांगायची तर २६ डिसेंबर २००४ पाशी जावं लागेल. त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आपल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या, रेडिओवर जगभर बोलण्यासाठी गेलेल्या. टेलिफोन बंद पडले आणि त्यांच्या संचावरून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीला जाऊ लागले. कोण जिवंत आहे, कोण सापडत नाही. ती बातमी मी तेव्हा कापून ठेवली होती. परीक्षा द्यायला पुढं बरीच वर्षं गेली. परवाना आला, व्हीयू३ ने सुरू होणारं रेडिओवरचं नाव मिळालं, नागपूरच्या एका जाणत्या हॅमकडून जुना संच घेतला. संच पैसे दिले की येतो. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो, आणि तो जागेचा असतो.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात प्रामाणिक अँटेना म्हणजे डायपोल. तेहतीस फुटांचे दोन हात, मध्ये फट, त्या फटीत केबल. १८८० च्या दशकात हर्ट्झनं जर्मनीत प्रयोगशाळेच्या टेबलावर जी मांडली होती तिची घडण हीच, दोन दांडे आणि मध्ये ठिणगीपुरती जागा. शंभरावर वर्षं झाली, तिच्यापेक्षा सोपं कुणाला काही सुचलेलं नाही. फक्त तिला दोन टोकांना दोन उंच आधार हवेत, आणि माझ्याकडे एकही नव्हता. मग माणूस तडजोडी शोधू लागतो. रात्री अंथरुणावर पडून मी वहीच्या मागच्या पानांवर सांदवाडी काढायचो आणि तिच्यात रेघा बसवायचो. तेहतीस फुटी उभी अँटेना? ती जमिनीवर थोडी जागा घेते खरी, पण तिच्या पायाशी चहूकडे तारा पसराव्या लागतात, ती दूरचं चांगलं ऐकते आणि जवळचं टाळते, शिवाय गावातली सगळी विजेची खरखर गोळा करते. मला आधी नागपूर, पुणे, हैदराबाद हवं होतं. तांब्याच्या नळीची मीटरभर व्यासाची लूप? ती खिडकीतही मावते. पण चाळीस मीटरवर तिची ताकद बरीचशी नळी तापवण्यातच जाते, थोडी फ्रिक्वेन्सी हलवली की पुन्हा जुळवत बसायचं, आणि वीस-पंचवीस वॅटलाही तिच्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट चढतात. घरात लहान पुतणे येतात-जातात. १९४६ साली इंग्लंडच्या लुई वार्नीनं केलेली जी-फाइव्ह-आर-व्ही जगभर वाखाणली गेली, पण ती एकशेदोन फुटांची. ते नाव नुसतं वाचून पान उलटलं.

शेवटी एंड-फेडवर आलो. तार तेवढीच, सहासष्ट फूट, पण वीज मधून न देता एका टोकातून द्यायची. ही कल्पनाही जुनी आहे. झेपेलिन नावाच्या, गॅसवर तरंगणाऱ्या जहाजांतून अशीच तार खाली सोडलेली असायची, मधोमध केबल लटकवायला आकाशात जागा कुठली. टोकाशी तारेचा अडथळा प्रचंड असतो, म्हणून फेराइटच्या कड्यावर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चौदा वेढे घ्यायचे. सातपट वेढे, म्हणजे सातचा वर्ग, एकोणपन्नासपट अडथळा. पन्नास ओहमची केबल तारेला अडीच हजारांच्या आसपास दिसू लागते. ते कडं मी तीनदा गुंडाळलं. एनॅमलच्या तारेचा वास, सोल्डरचा धूर, आणि तिसऱ्या खेपेला मीटरचा काटा जागेवर. पण खरं सांगतो, एंड-फेड मी निवडली ती तिच्या गुणांसाठी नव्हे. तिला माझ्या बाजूनं फक्त स्लॅबचा कठडा लागत होता, खांब नको, ताण नको, खड्डा नको. आणि दुसऱ्या टोकाला कडुनिंब. काकाजी त्या दिवशी वावरात होते. वहिनीला भिंतीवरून विचारलं, "झाडाला एक दोरी बांधू का?" ती म्हणाली, "बांधा ना भाऊजी, त्याले काय विचारता." मी बांधली. काकाजींना विचारायचं राहिलं नाही, मी ते टाळलं. वाटणीत जे त्यांच्याकडे गेलं ते मागायला जाणं मला जड वाटत होतं.

ती संध्याकाळ मात्र विसरणार नाही. चैत्राची सुरुवात, निंबाला मोहर, त्याचा कडवट गोड वास पार खोलीत. गायी कोठ्यात आल्या होत्या. चौदा मेगाहर्ट्झवर, म्हणजे वीस मीटर बँडवर, मी डायल फिरवत होतो आणि आवाजांवर आवाज येत होते, इतके दिवस खोलीतल्या तुकडाभर तारेवर जिथं नुसता समुद्र ऐकू यायचा तिथं. इटलीचा एक म्हातारा सीक्यू देत होता, म्हणजे कुणी बोलायला आहे का अशी हाक. मी दोनदा नाव सांगितलं, त्यानं अर्धं पकडलं, मी परत सांगितलं. मग पूर्ण. "फाइव्ह सेव्हन." म्हणजे माझा शब्द न् शब्द त्याला कळत होता, जोरही बरा होता. बटणावरचा माझा अंगठा ओला झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस मीटरवर, पुण्याचे दोघं आणि आंध्रातला एक. मुलांना वर्गात नकाशावर ती गावं दाखवली. आणि घरी आलो तर खुंटीला तार.

माझ्या आजीपुढं 'तार' हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा नाही. तिच्या एका भावाच्या मरणाची तार आली होती, पोस्टमनला फाटकात पाहून ती तिथंच मटकन बसली होती म्हणतात. कागदात काय आहे ते वाचायच्याही आधी. २०१३ च्या जुलैत सरकारनं तारसेवा बंद केली तेव्हा ती नव्हती, पण मला पहिली तिची आठवण आली. तिच्या घरात दुसरी एक तार मात्र चालायची, बाबांच्या रेडिओची. जुने लोक ओळखतील. तांब्याच्या बारीक जाळीची पट्टी, दोन टोकांना लाकडी गट्टू, धाब्याच्या एका कोपऱ्यापासून थेट या कडुनिंबापर्यंत ताणलेली. पोस्टात रेडिओचं लायसन भरायचं त्या काळातली गोष्ट. रात्री बाबा २५ आणि ४१ मीटरवर सिलोन शोधायचे, काटा केसभर सरकवायचे, आवाज यायचा, जायचा, विहिरीत बोलावं तसा घुमायचा. ४१ मीटर म्हणजे माझ्या आजच्या बँडचा शेजारीच. पावसाळ्यात जाळी सैल झाली की बाबा धाब्यावर आणि काकाजी झाडावर, मध्ये आम्ही पोरं खाली उभी. "वढ!" "झालं का?" "आणखी वढ!" त्या वेळी झाड कुणाच्या हिश्शाचं नव्हतं.

आठ दिवस मी भिंतीकडे पाहिलं नाही. वेटोळं खुंटीलाच होतं. येता-जाता खांद्याला लागायचं. मी पुन्हा वही काढली आणि ठरवलं, माझ्या साडेसत्तेचाळीस फुटांतच बसवीन, कुणाचं झाड नको. इन्व्हर्टेड व्ही म्हणजे मधे एक उंच खांब आणि डायपोलचे दोन्ही हात छपराच्या वाशांसारखे खाली उतरवलेले. खांब तीस फुटी घेतला आणि हातांमध्ये काटकोन ठेवला तर दोन टोकांमधलं अंतर पावणेसत्तेचाळीस. बसते! कागदावर अगदी नऊ इंच शिल्लक ठेवून बसते. पण टोकं जमिनीपासून पावणेसात फुटांवर येतात, आणि डायपोलचं टोक म्हणजे विजेच्या सगळ्यात जास्त दाबाची जागा. बोलत असताना तिथं बोट लागलं तर चटका बसून कातडी पांढरी पडते. त्याच कोपऱ्यात बायको कपडे वाळत घालते, शेळी कडबा खायला मागच्या पायांवर उभी राहते. मी हट्टानं तरी बांबू आणायला निघालो होतो.

नवव्या दिवशी अवकाळी आली. चार वाजता आभाळ काळं झालं, वीज गेली, डीपीकडे काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. मी संचाची केबल काढून खिडकीबाहेर टाकली. ते मी ढग दिसला की आधी करतो, मी घरी नसलो तर बायको करते, कारण पडणाऱ्या विजेपुढं कुठलीच सोय पुरी पडत नाही, एवढंच करता येतं की तार घरात येऊ द्यायची नाही. पाऊस वीस मिनिटांत उरकला. मातीचा वास उठला. काकाजी मागच्या दारानं आले, हातात कंदील, आणि सपरीत बाजेवर बसले. वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं लाईनमन होते. हातांची नखं अजून जाड आणि काळसर.

"तार काहाडली म्हून रागावला का बापू?"

मी म्हटलं, नाही.

"रागावला तं. आठ दिवसांपासून भिंतीकडं पाह्यत नाई तू." मग थोडं थांबून म्हणाले, "तुही तार माह्या सर्व्हिसच्या वरून गेली होती. हातभर अंतर. खालून पाह्यली, मंग वर चढून पाह्यली. त्या सर्व्हिसचं रबर उन्हानं फाटलं हाय, दोन जागी मीच टेप मारली. तुटली अन् तिच्यावर पडली तं? ते यंत्र तुह्याच हातात राह्यते ना?"

पोल माझ्या घरासमोर आहे. त्यांच्या घराची सर्व्हिस वायर, म्हणजे पोलवरून घरात वीज आणणारी तार, माझ्या स्लॅबच्या कोपऱ्यावरून जाते. मी हे रोज पाहतो. अँटेना बांधताना सर्वात पहिला नियम हाच की विजेच्या तारेच्या वरून नाही, खालून नाही, आणि दोन्हीपैकी काहीही पडलं तरी एकमेकांना शिवणार नाही एवढं लांब. हा नियम मी परीक्षेत लिहिलेला आहे. आणि तरी त्या दिवशी मला फक्त कडुनिंब दिसत होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. गावोगाव टीव्ही येऊ लागले त्या दिवसांतली गोष्ट. लोक जीआय पाइप जोडून उंच उंच अँटेना उभ्या करायचे. शेजारच्या एका गावात पंचविशीतला एक पोरगा आणि त्याचा धाकटा भाऊ स्लॅबवर पाइप उभा करत होते, पाइप हातातून कलला आणि अकरा हजारांच्या लाईनला लागला. काकाजी सायकलवर तिथं पोचले. डीओ, म्हणजे लाईनच्या खांबावरचा फ्यूज, उडालेला होता. त्यांनी डीओ पुरता उतरवला, मग वर गेले. एवढं सांगून ते कंदिलाची वात उगाच कमी-जास्त करत राहिले. "धाकटा वाचला," म्हणाले. "पण तो मंग बोललाच नाई कवा नीट." मी शोधत होतो काय बोलावं. ते उठले, खुंटीवरचं वेटोळं काढलं, हातात तोललं. "तार चांगली हाय. अडीचची हाय ना? दुसरीकडून घेऊ. सकाळी बांबू पाह्य."

सकाळी बांबू ते स्वतःच निवडायला आले. मी वहीतला काटकोन दाखवला, टोकं पावणेसात फुटांवर येतात म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि भिंतीपलीकडे बोट दाखवलं. "हे टोक वर घे. निंबाच्या खालच्या फांदीले. इकडून पोल लांब हाय." दोन्ही टोकं बारा फुटांवर नेली तर हातांतला कोन एकशेचौदा अंशांपर्यंत उघडतो आणि टोकांमधलं अंतर होतं पंचावन्न फूट. म्हणजे आठ फूट तार त्यांच्या हिश्शात. खांब त्यांनी उभा केला तो लाईनचा खांब करावा तसा, खड्ड्यात खडी ठोकून, तीन बाजूंना ताण देऊन, आणि तो कलला तर कुठवर पडेल ते आधी दोरी टाकून मोजून. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खांब सैल होतो, म्हणून खड्डा हातभर जास्त खोल. झाडाच्या टोकाशी मी दोरी सरळ बांधायला निघालो तर म्हणाले, झाड हालते, खांब हालत नाही, मग तुटणार कोण? विहिरीवरची जुनी लहान गडगडी काढून फांदीला टांगली, दोरी तिच्यावरून नेली आणि खाली एक वीट बांधली. वारा आला की झाड सरकतं, वीट वर-खाली होते, तारेचा ताण तेवढाच राहतो. हीच युक्ती मी हॅम मंडळींच्या लिखाणात वाचली होती. त्यांना ती कुणी सांगितली नव्हती.

तार मी मुद्दाम प्रत्येक हाताला चौतीस फूट ठेवली होती. रबर चढवलेली तार नागड्या तारेपेक्षा थोडी आखूड लागते, आणि कापलेली परत जोडता येत नाही. नॅनोव्हीएनए म्हणजे अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीवर जुळते ते दाखवणारं हातातलं यंत्र. त्याच्यावर जुळणीचा खळगा सहा पॉइंट आठ मेगाहर्ट्झच्या जरा पुढं दिसला. दोन्हीकडून चार चार इंच दुमडत गेलो, काकाजी गडगडी सोडायचे, मी टोक दुमडून पिळायचो, ते पुन्हा ओढायचे. "वढू का?" "ओढा!" "झालं का?" सव्वा फूट दुमडल्यावर सात पॉइंट एकवर आलं. मी खाली बसलो आणि थोडा वेळ तिथंच बसून राहिलो.

एंड-फेडवर इटली जेवढ्या सहज आली तेवढी या तारेवर येत नाही. ही चाळीस मीटरची आहे, तिच्यावर मी वीस मीटर नाद म्हणून कधीतरी ट्यूनरनं ओढून-ताणून करतो. तिची उंची कमी, म्हणून ती बरंचसं सरळ वर फेकते आणि ते वरून परत चारपाचशे किलोमीटरच्या छत्रीत पडतं. मला हवं होतं तेच. पण पहिल्या आठवड्यात एक टिकटिक मागं लागली. सेकंदाला एक, घड्याळासारखी, रात्री जास्त. संच उघडून पाहिला, केबल बदलली. काकाजींनी हेडफोन कानाला लावला आणि लगेच काढला. "झटक्याचं हाय." भुईमुगाच्या वावराला डुकरं आणि रोह्यांसाठी, कुंपणाच्या तारेत थांबून थांबून वीज सोडणारं झटका मशीन लावलेलं असतं, त्याची तार कुठं गवताला, कुठं ओल्या खुंटीला टेकते, तिथं ठिणगी पडते. ते विळा घेऊन धुऱ्यानं गेले. तासाभरात टिकटिक इतकी मंदावली की तिच्या मागून माणसं ऐकू येऊ लागली. उरलेली खरखर गावच्या बल्बांची आणि चार्जरांची. ती जाते फक्त लोडशेडिंगला. गाव अंधारात बुडालं की बॅटरीवर संच लावतो आणि बँड असा स्वच्छ होतो, जसं कुणी वाहत्या नळाची तोटी बंद केली. अंधारासाठी वाट पाहणारा गावात मीच एकटा असेन.

जूनचा पहिला आठवडा, शाळेला सुट्टी, सकाळचे साडेसात. काकाजी आता रोज येतात, बाजेवर बसतात, बोलत नाहीत. नियमाप्रमाणे माइक त्यांच्या हातात देता येत नाही, म्हणून ते ऐकतात. खिडकीतून भिंतीपलीकडची वीट दिसते. त्या दिवशी रत्नागिरीकडचा एकजण आला, आवाजात मागं काहीतरी सतत वाजत होतं. मी त्याला सिग्नल सांगितला, त्यानं मला. निरोप घ्यायच्या बेतात होतो तर काकाजी पुढं वाकले.

"इचार त्याले, पाणी आलं का तिकडं."

मी बटण दाबून विचारलं. बोट उचललं. तिकडून हसणं आलं आणि मग आवाज, कालपासून लागलाय, पत्र्यावर ऐकू येतोय का बघा, आणि त्यानं माइक बहुधा खिडकीशी नेला. खोलीभर तो पाऊस वाजला. काकाजींनी डोळे मिटले होते. मग अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागले, सातव्या पेरावर थांबले, आणि बियाण्याच्या थैल्या पाहायला उठून गेले.